दुतोंड्या मारुती आणि खाटांचा हिशेब

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये कुणी क्युसेक विचारत नाही. विचारतात, "मारुतीला कुठवर लागलंय?" गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती हा आमचा पूरमापक. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांचा गोंधळ होतो.) पाणी गुडघ्याला असलं तर लोक पुलावर पूर बघायला जातात. कमरेला लागलं की भांडी बाजार, सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला घेतात. गळ्याशी आलं की कुणाला विचारायलाही सवड नसते. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून भिंतीवरच्या खुणा दाखवतात. २००८ आणि २०१९ चे आम्हीच पाहिले.

मी रुग्णालयांसाठी संगणकावर मॉडेलं करते. म्हणजे नक्की काय, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी हा मारुती पुढे करते. नदीचं सगळं शास्त्र त्याच्यात नाही, पण पाणी कुठे लागलं की कुणी काय उचलायचं हे त्याच्यावरून गावाला कळतं. रुग्णालयाचं मॉडेल एवढं करू शकलं तरी मला पुरे.

मूळची मी संख्याशास्त्राची शिक्षिका. २०१४ मध्ये, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीची धामधूम चालू असताना, ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फळ्यावर रांगांची गणितं सोडवता ना, आमच्या ओपीडीची रांग सोडवून दाखवा." तिथून ओढली गेले ती गेलेच. काम म्हणजे संगणकावरची भातुकली : खोटं रुग्णालय मांडायचं, खोट्या खाटा, खोट्या सिस्टर, आणि दारातून खोटे रुग्ण सोडायचे, खरे येतात तसे, कधी एकटे तर कधी जीपभरून. मग एका मिनिटात वर्षभराचा कारभार चालवून बघायचा, कोण कुठे अडकतं ते. या खेळात इतक्या वर्षांत जे पदरी पडलं ते खाली लिहिलंय. क्रम महत्त्वाचा नाही, आठवलं तसं आहे.

१. रजिस्टर भरणाऱ्या सिस्टरला आधी भेटावं

माझं पहिलं मॉडेल एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डाचं. मी एमआरडीतून, म्हणजे रेकॉर्ड ठेवतात त्या खोलीतून, वर्षभराचा सेन्सस घेतला. सेन्सस म्हणजे रोज रात्री बारा वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत याची नोंद. आकडे सुरेख होते. खाटा तीस आणि रुग्ण बहुतेक रात्री सव्वीस-सत्तावीस. मॉडेलने निर्वाळा दिला की खाटा पुरेशा आहेत. मी तो निकाल छापून, स्पायरल बाइंडिंग करून नेला.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी तो चाळला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, एकदा बारा वाजता येऊन बघा."

"रात्री?"

"दिवसा हो!"

गेले. दिवसा बारा वाजता त्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी सुट्टी मिळालेल्या बाया अजून खाटेवर, रात्री बाळंत झालेल्या लेबर रूममधून बाहेर आणलेल्या, दोन खाटांच्या मधल्या फटीत गाद्या, त्यावर नव्या आलेल्या, आणि प्रत्येकीबरोबर एक आई किंवा सासू. मी मोजल्या : तीस खाटा, बेचाळीस बाया. रात्री बारापर्यंत हे सगळं निवळतं, आणि नेमकं तेव्हाच रजिस्टर भरलं जातं. रजिस्टर खोटं बोलत नव्हतं. त्याला दिवसातून एकदाच विचारलं जात होतं, तेही सगळे झोपल्यावर.

तेव्हापासून मी कुठलाही आकडा घेताना विचारते : हा कोणी लिहिला, किती वाजता लिहिला, आणि लिहिताना त्याला दुसरं काय काम होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं.

२. सरासरीवर खाटा मागू नयेत

हा धडा पुस्तकातला आहे, पण मला तो पुस्तकात कळला नव्हता. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : रोज किती येतात गुणिले किती दिवस राहतात, म्हणजे सरासरी किती हजर असतात. रोज बारा बाया दाखल होतात आणि तीन दिवस राहतात, तर सरासरी छत्तीस. कागदावर ३६ खाटांचा प्रस्ताव तयार.

पण बाया सरासरीने येत नाहीत. एखाद्या दिवशी सात येतात, एखाद्या दिवशी अठरा. त्या आपापल्या वेळेने, कुणाला न विचारता येतात असं धरून गणित केलं तर ३६ खाटांच्या वॉर्डात जवळजवळ निम्म्या दिवशी कुणी ना कुणी जमिनीवर असणार. वीस-पंचवीस दिवसांतून एखाद्याच दिवशी अशी वेळ यावी असं वाटत असेल तर ४६ खाटा लागतात. वरच्या दहा खाटा चैनीच्या नाहीत, पण हिशेबनिसाला त्या तशाच दिसतात. तो म्हणतो, "सरासरी दहा खाटा रिकाम्या राहतात, बावीस टक्के!" अग्निशमन दलाचा बंब बहुतेक दिवस उभाच असतो, तो विकायला काढा असं कुणी म्हणत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त त्रास देते. तेवढ्याच बाया दोन ठिकाणी वाटल्या तर प्रत्येकी २५, म्हणजे एकूण ५० खाटा लागतात. सहा छोट्या ठिकाणी वाटल्या तर प्रत्येकी १०, एकूण ६०. म्हणजे सगळं एका जागी आणा असं गणित ओरडून सांगतं. लंडनने २०१० मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हेच केलं : सुरुवातीचे उपचार शहरभरच्या रुग्णालयांतून काढून आठ केंद्रांत आणले, आणि ते फळाला आलं. पण लंडनमध्ये सावळघाट नाही. त्याबद्दल पुढे.

३. मोकळी खाट शोधायची तर दुपारी शोधावी

हे मी आईमुळे शिकले. एका खासगी रुग्णालयात तिला चार दिवस ठेवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, "आजी, आज घरी." आजींनी सव्वानऊला लुगडं बदललं, पिशवी भरली आणि खाटेवर टेकून बसल्या. फार्मसीतून उरलेल्या गोळ्या परत, मग बिल, मग विम्याच्या कंपनीकडे कागद, मग तिकडून एक प्रश्न, मग त्याचं उत्तर. मंजुरी आली साडेपाचला. तेवढा वेळ त्या खाटेवर उपचार कुणावरच चालले नव्हते. ती खाट एका भरलेल्या पिशवीला दिली होती. खाली कॅज्युअल्टीत "बेड नाही" असं कुणाला तरी सांगत होते ते मी स्वतः ऐकलं.

घरी येऊन आकडेमोड केली. रोज बारा जणांना सुट्टी मिळत असेल आणि प्रत्येकाचे आठ तास असे जात असतील, तर बारा आठे शहाण्णव खाट-तास. चोवीसने भागा : चार. एक वीटही न रचता चार खाटा! पुढे एका दुसऱ्या रुग्णालयात हे दाखवलं, तेव्हा त्यांनी सुट्टीचे कागद आदल्या संध्याकाळी तयार करायला सुरुवात केली आणि तयार माणसांना बसायला एक हॉल दिला. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात यशस्वी मॉडेल. त्याला संगणक लागलाच नाही.

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मॉडेलात मात्र एक गोष्ट हाताने घालावी लागली. अमावास्येला बाळंतिणीला घरी न्यायला लोक तयार नसतात. "उद्या नेतो ना सिस्टर, एका दिवसानं काय होतंय?" मी पंचांग उघडून वर्षाच्या अमावास्या मॉडेलात भरल्या तेव्हा माझा विद्यार्थी हसला. निकाल सुधारले तेव्हा गप्प झाला.

४. गाव कुठलं यापेक्षा माहेर कुठलं ते विचारावं

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या एकसष्ट लाखांवर. बाळंतपणाच्या सोयी कुठे वाढवाव्यात यासाठी मी गावनिहाय लोकसंख्या घेतली, जन्मदर लावला, प्रत्येक गाव जवळच्या केंद्राला जोडलं आणि नकाशा रंगवला. मैदानी भागात तीस हजारांमागे आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष त्याच्याशी ताडून पाहिला. नकाशा भिंतीवर लावण्याजोगा झाला होता.

मग लेबर रूमची रजिस्टरं आली आणि नकाशा भिंतीवरून उतरला. एका ठिकाणी मॉडेलने सांगितलेल्यापेक्षा कितीतरी जास्त बाळंतपणं, दुसरीकडे निम्मीसुद्धा नाहीत. मला वाटलं नोंदी चुकल्या. शेवटी त्या जास्तीच्या ठिकाणी जाऊन बसले. एक मुलगी भरती होत होती, पहिलटकरीण, बरोबर आई. सिस्टरनी विचारलं, "गाव कोणतं लिहू?" मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कोणतं सांगू बाई? कार्ड सासरचं हाय, पोरगी माझ्याकडं हाय."

पहिलं बाळंतपण माहेरी. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझं स्वतःचं माहेरीच झालं. पण मॉडेल करायला बसले तेव्हा मी बाई राहिले नव्हते, नकाशा झाले होते. नोंदणी सासरच्या आशाताईकडे, तपासण्या सासरच्या उपकेंद्रात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी एसटीत बसून तालुका ओलांडते. सासरच्या केंद्रात ती 'बाहेरगावी' म्हणून यादीतून उतरते, माहेरच्या केंद्रात अचानक उगवते, तेही कळा सुरू झाल्यावर. आणि पहिलटकरणीलाच अडचणींची शक्यता जास्त. म्हणजे ज्या बाळंतपणांसाठी सगळ्यात जास्त तयारी हवी तीच माझ्या नकाशात चुकीच्या तालुक्यात होती.

दुसरं कोडं द्राक्षांचं. पेठ, सुरगाणा, हरसूल या पश्चिमेच्या पट्ट्यातली कुटुंबं भात कापून झाला की दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी अशी कामं महिनोन् महिने चालतात. त्यात पोटुशा बायाही असतात. म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेची केंद्रं रिकामी दिसतात आणि निफाडच्या बाजूला गर्दी. वार्षिक सरासरी काढली की दोन्हीकडे "ठीक आहे" असं उत्तर येतं. एका बैठकीत पश्चिमेच्या एका केंद्राचं काम कमी आहे, कर्मचारी हलवावेत, असा सूर निघाला होता. आकडे नोव्हेंबर ते जानेवारीचे होते. मी एवढंच म्हटलं की पावसाळ्याचे आकडेही बघूया. बघितले, आणि विषय तिथेच थांबला.

आता मी प्रत्येक तालुक्याची दोन मॉडेलं करते, शेतीच्या कॅलेंडरवर. आणि पत्त्याच्या रकान्याशेजारी पेन्सिलने 'मा' लिहायची सवय काही सिस्टरनी लावून घेतली आहे. त्या 'मा'ला कुठल्याही पोर्टलवर जागा नाही.

५. नकाशावरची सरळ रेघ फसवी असते

नाशिकहून पेठ साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुंबईच्या रस्त्यावर एवढं अंतर म्हणजे तासाच्या आतलं काम. पेठच्या रस्त्यावर सावळघाट आहे, कोटंबीचा घाट आहे, आणि श्रावणात दोन्हीवर धुकं. सुरगाणा याहून लांब. मी संगणकावरच्या नकाशातून वेळा काढल्या तेव्हा त्याने ताशी साठचा वेग धरला होता. १०८ रुग्णवाहिकेच्या एका चालकाला ते दाखवलं. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे आणि तो पहिल्या वर्षापासून गाडीवर. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, साठनं नेली तर पेशंट पोचंल, पण बाळ गाडीतच होईल."

त्याने मला रस्ता दाखवला. कुठल्या फरशीवरून पाणी जातं, कुठल्या पाड्यावर गाडी पोचतच नाही आणि बाईला डोलीतून डांबरापर्यंत आणावं लागतं. डांबरापर्यंतचा वेळ माझ्या नकाशात शून्य होता, कारण नकाशा डांबरापासून सुरू होत होता.

आणि नकाशा संपत कुठे होता? राज्याच्या सीमेवर. सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांना नाशिकपेक्षा गुजरातेतलं धरमपूर, वलसाड जवळ. आजारी माणूस सीमा बघत नाही, तो रस्ता बघतो. डिसेंबर २०२२ मध्ये यातल्या काही गावांनी सोयी मिळत नसतील तर आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. माझ्या मॉडेलात त्या गावांचे रुग्ण वर्षानुवर्षं "येतच नव्हते" आणि मी त्यांना निरोगी समजत होते.

सगळं एका जागी आणा असं दुसऱ्या धड्यातलं गणित ओरडत होतं, त्याला हा घाट उत्तर देतो. ज्या खाटा वाचतात त्या डोलीतल्या बाईच्या वेळेतून वाचतात. मधला बिंदू कुठे धरायचा हे मॉडेल सांगत नाही. ते फक्त दोन्ही किमती एका कागदावर मांडतं, आणि तेवढंही आधी कुणी मांडलेलं नव्हतं.

६. एक्सेलला हसू नये

पायथॉनमध्ये लिहिलेली माझी देखणी मॉडेलं माझ्याच लॅपटॉपमध्ये आहेत. एका ग्रामीण रुग्णालयातल्या क्लार्कने एक्सेलमध्ये केलेला रक्तपिशव्यांचा तक्ता आजही रोज उघडला जातो.

७. अडलेली वस्तू बहुधा खाट नसते

मार्च-एप्रिल २०२१. देशात कोविडचे सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत नाशिकचं नाव होतं. बाजारात शिरायला तासाला पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती. मला दिवसाला दहा-दहा फोन : "पुढच्या आठवड्यात किती बेड लागतील?" मी रात्ररात्र बसून खाटांचे अंदाज काढत होते. आणि अडत होता ऑक्सिजन.

हिशेब शाळकरी आहे. एका रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर दिवसाला १४,४०० लिटर. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर मावतो, म्हणजे एका माणसाला दिवसाला दोन सिलिंडर. नाकातून जोराने ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावर मिनिटाला साठ लिटर लावले तर बारा. द्रवरूप ऑक्सिजनचा एक लिटर म्हणजे सुमारे ८६० लिटर वायू. हे चार आकडे हाताशी असते तर खाटांआधी टँकरचं वेळापत्रक मांडलं असतं. मी खाटा मोजत राहिले कारण मला खाटा मोजता येत होत्या. ही चूक माझी स्वतःची आहे आणि ती मी कुठेही सांगते.

२१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी बावीस रुग्ण गेले. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला नाही. माझ्या कुठल्याही मॉडेलात झडप नव्हती, पाइप नव्हता, 'दाब' हा शब्दच नव्हता. आता कुठल्याही रुग्णालयाचं काम घेतलं की पहिल्या दिवशी मी वॉर्डाऐवजी मागच्या बाजूला जाते, जिथे टाकी, जनरेटर आणि पाण्याचे पंप असतात. तिथले मामा कधीच कुठल्या बैठकीला बोलावलेले नसतात.

अंदाज मोठ्यांचेही चुकले. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं होतं की काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांना हसत नाही. महिन्याभरापलीकडचा आकडा द्यायला मला स्वतःला तेव्हापासून भीती वाटते, आणि ती भीती मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

८. अंदाज जाहीर झाला की तो पूर्वीचा अंदाज राहत नाही

२७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी, गंगाघाटाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तिसावर भाविक गेले. त्या आठवणीची सावली २०१५ च्या सिंहस्थाच्या सगळ्या नियोजनावर होती. पहिल्या पर्वणीला, म्हणजे पहिल्या शाही स्नानाला, २९ ऑगस्टला, प्रचंड गर्दीचा अंदाज धरून बॅरिकेड लावले, गाड्या लांब थांबवल्या, लोकांना कित्येक किलोमीटर चालायला लावलं. आणि गर्दी अंदाजाच्या मानाने फारच थोडी आली. तंबूतल्या दवाखान्यांत डॉक्टर बसून होते. टीका झाली, बंदोबस्त सैल केला, आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला घाट फुलून गेला. पहिला अंदाज चुकला की त्या अंदाजानेच गर्दी परतवली? मी अजूनही याचं उत्तर छातीठोकपणे देऊ शकत नाही. पुराचा अंदाज नदी वाचत नाही. माणसं पेपर वाचतात.

त्या सिंहस्थात तरुणांनी बरंच काही करून पाहिलं. मूळचे नाशिकचे, एमआयटीतले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन नावाचा नव्या कल्पनांचा मेळावा भरला होता. एका शाळकरी मुलाने पायाखालून जाणारी गर्दी मोजणारी चटई केली होती, जपानीत पावलांच्या आवाजाला म्हणतात ते नाव देऊन : आशियोतो. हार्वर्डच्या चमूने २०१३ च्या प्रयागच्या कुंभात दवाखान्यांतले केसपेपर टॅबलेटवर उतरवून साथीवर नजर ठेवली होती, तेच इथेही केलं. मला यातली चटई सगळ्यात आवडली. ती काही भाकीत करत नव्हती. किती पावलं गेली तेवढं सांगत होती.

९. साहेबांना तीन दिवस द्यावेत, एक आकडा देऊ नये

बैठकीत प्रश्न एकच असतो : "मॅडम, नेमका आकडा सांगा." सुरुवातीला मी सांगायची, "पंच्याण्णव टक्के खात्रीने अमुक ते तमुक." चहा यायचा, विषय बदलायचा. मग एकदा मारुती आठवला. आता मी तीन पानं नेते. गुडघ्याला पाणी : रोजचा दिवस, एवढ्या खाटा, एवढ्या सिस्टर. कमरेला : पावसाळ्यातला डेंग्यूचा आठवडा, वणीच्या यात्रेचा दिवस, कुठला वॉर्ड रिकामा करायचा, ठरलेल्या शस्त्रक्रिया कुणी पुढे ढकलायच्या. गळ्याला : पर्वणी किंवा घाटातला बसचा अपघात, कुणाला फोन, कुठली रक्तपेढी, कुठल्या खासगी रुग्णालयाचे किती व्हेंटिलेटर. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ : पाणी इथवर आलंय हे कशावरून ओळखायचं. उदाहरणार्थ, सकाळी दहाला कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर सहापेक्षा जास्त माणसं.

साहेब बदलतात. दोन-तीन वर्षांत नवे येतात, "ते मॉडेल काय होतं हो?" पासून पुन्हा सुरुवात. म्हणून ती तीन पानं मी मेट्रनच्या ऑफिसात लॅमिनेट करून लावते. मेट्रन बदलल्या तरी भिंत बदलत नाही.

१०. शेवटी चालून बघावं

पुढच्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्या आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, २ ऑगस्ट २०२७ ला. भर पावसाळा. म्हणजे गर्दीचं पाणी आणि धरणाचं पाणी एकाच घाटावर.

गंगाघाटावरच्या रामकुंडावर कुणी कोसळलं तर जिल्हा रुग्णालयापर्यंत किती वेळ? होळकर पूल, रविवार कारंजा, महात्मा गांधी रोड, सीबीएस, त्र्यंबक नाका. अंतर तीनेक किलोमीटर. संगणक म्हणतो दहा मिनिटं. पण पहिला टप्पा गाडीचा नाहीच, घाटावरून रस्त्यापर्यंतचा आहे, आणि तो कुठल्याच नकाशात नाही. म्हणून गेल्या रविवारी सकाळी आईची चाकाची खुर्ची घेतली, एका धडधाकट विद्यार्थ्याला तिच्यात बसवलं आणि रामकुंडापासून ढकलायला सुरुवात केली. हातात घड्याळ. तिसऱ्या मिनिटाला पुढचं चाक दोन फरश्यांच्या फटीत बसलं. मागून ढकलून निघेना. विद्यार्थी उतरायला लागला तसं मी ओरडले, "उतरू नकोस, तू पेशंट आहेस!" फुलं विकणाऱ्या मावशी टोपली ठेवून धावत आल्या. "काय झालं गं पोराला?" त्यांनी आणि एका गुरुजींनी खुर्ची उचलून दिली. मी वहीत लिहिलं : चाक अडकलं, एक मिनिट चाळीस सेकंद, दोन माणसं लागली.

मावशींना खरं कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आज कशाला मोजता? आज काहीच नाही इथं. बुधवारी या, बाजार असतो."

बुधवारी जायचंय.